तराजूवालीची प्रेरणा

...आणि वर ती पाहणीवाली पोरगी मलाच विचारते, 'ताई, तुमची प्रेरणा काय?' आता मी आरोग्यसेविका, एका हातात तराजू, दुसऱ्या हातात रजिस्टर, काखेत छत्री... प्रेरणा ठेवू कुठे? नाही, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगते, माझं काम केवढं? नव्या बाळाच्या घरी दीड महिन्यात सहा फेऱ्या. वजन, नोंद, येते हं! संपलं! पण त्या शिंप्याचं बाळ भरलं एक किलो आठशे. एवढंसं! आईला म्हटलं, बाई गं, याला दिवसभर उघड्या छातीशी धर, ऊब मिळू दे, नाहीतर पोर हातचं जाईल. तर ती रडवेली, 'धरते हो ताई... पण भांडी?' झालं! बसले मी मोरीत बाह्या सरसावून. हे माझं काम आहे का? मुळीच नाही! आणि तिच्या सासूबाई दारातून, 'आली का तराजूवाली? भांड्यांचा पगार वेगळा मिळतो वाटतं!' म्हटलं, आजी, उद्या तुम्ही घासा, मी टोमणे मारते!

तर रोज जायचं! शिंप्यालाही सदरा काढून बसवला, बाळ छातीवर, तर बाळाआधी हाच घोरायला लागला! त्याला हलवून जागं करणं... हे माझं काम आहे का?

अठ्ठाविसाव्या दिवशी ही पाहणीवाली पोरगी फॉर्म घेऊन माझ्या मागे. 'कर्तव्यापलीकडे का जाता? अ, सेवाभाव. ब, मानसन्मान. क...' म्हटलं, तुझा क थांबव, काटा बघू दे! झोळीत बाळ, आजी काट्यावर वाकलेल्या, काटा दोन तीनशे... दोन चारशे... आणि बाळानं मारली लाथ! सगळं डळमळलं! मग हळूहळू थांबलं... अडीच! अहो, अडीच किलो! आजींनी अशी आरोळी ठोकली की गल्ली गोळा झाली. मला कवटाळलं, त्या पोरीला कवटाळलं, फॉर्म भांड्यांच्या पाण्यात! आणि मी? रडले की! खोटं कशाला बोलू, इतका आनंद झाला मला!

पुढच्या मंगळवारी जाते, तर ती पोरगी माझ्याआधी हजर! सुट्टी टाकून, दोन बस बदलून! म्हटलं, अगं, पाहणी संपली ना? आता तुझी प्रेरणा काय? तर बाह्या सरसावत म्हणते, 'ताई, भांडी कुठायत?'

घ्या! चांगली शिकलीसवरलेली पोर... लागली नादाला!