टिटवीचं सोंग

नाही, उठू नका व्याही, आणि तोंडही उघडू नका — मान हळूच डावीकडे वळवा, ओढ्याचं पाणी आटून चिखल भेगाळलाय ना, त्याच्या अलीकडच्या गोट्यांत — दिसली? मातकट, वर काळे ठिपके, दगडच वाटावेत अशी — टिटवीची अंडी आहेत ती. घरटंबिरटं काही नाही, उघड्यावर संसार. आणि आपली पलटण गळ्यात दुर्बिणी अडकवून, माना वर करून नेमकी त्यांच्यावरूनच चालली होती. म्हणून तर मी पडले. पडले म्हणजे — पडून दाखवलं. पाय ठणठणीत आहे माझा, नाचून दाखवू? सरळ सांगायचं होतं, म्हणाल — कुणाला, त्या तिपाईवाल्यांना? मागच्या वसंतात बुलबुलाच्या घरट्यापुढची फांदी मोडली त्यांनी, फोटोत आडवी येते म्हणून, आणि यांची पाठ वळते तोच कावळ्याने पिल्लं नेली. त्यापेक्षा टिटवीचंच बरं, कुत्रं आलं की पंख मोडल्याचं सोंग करून भलतीकडेच फडफडत जाते. ती काही शाळेत नाही शिकली — मी तरी कुठे शिकले?

तर आपले शिट्टीवाले म्होरके घाबरले, सगळ्यांना वरच्या काठाने पिटाळलं, म्हणाले आजींजवळ कुणीतरी थांबा — बायका सरसावल्याच होत्या — मीच म्हटलं, व्याह्यांना राहू द्या. का म्हणजे? तुम्हाला चिमणी सोडून पक्षी ओळखता येत नाही, तुमचं काय बुडणार होतं? तसं तुमच्या लेकीला मीच सांगितलं होतं, बाबांना घेऊन ये, घरात बसून बसून आंबलेत ते — तर ती माझ्या या नव्या बुटांकडे बघून नवऱ्याला म्हणते, सासूबाई पक्ष्यांसाठी नटल्यात. नटले कसली, चिखल असतो, जुने घसरतात — ते जाऊ द्या.

हसू नका, हलताय. ती बघा टिटवी, डबक्यात बसून पोट भिजवतेय — उन्हाने अंडी शिजू नयेत म्हणून ओल्या पिसांनी गार करते, आणि ओढ्यात आता तेवढंच डबकं राहिलंय. आपण दगड झालो तरच येईल. — थांबा हं. मी लंगडले उजव्या पायाने. आणि तुम्ही रुमाल बांधलाय तो डाव्याला. आणि तो बांधताना मीही डाव्यासाठीच कण्हले. म्हणजे तुम्हाला मघाशीच कळलं होतं — आणि तरी गुडघे टेकून, फुंकर घालत, गाठ मारत बसलात? भलतेच निघालात की.

शू.

बसली. अंग फुलवून, चारही अंडी पोटाखाली सारून बसली बघा.

आता जा तुम्ही. पलटण परत फिरायच्या आत त्यांना गाठा, म्हणावं वरूनच चला, विहीणबाईंना मी आणतो मागाहून, सावकाश. आणि जाण्याआधी तोंडावरचं ते हसू पुसा. विहीण पडल्यावर व्याह्याने इतकं खूश दिसणं बरं नव्हे.