पाणी वेळेवर आलं

राजेश्वरी : ...तेवढी सही कर आणि विषय संपव, रुतिका. शनिवारी पुढची बॅच निघायची आहे, वीस माणसं आहेत. बेलापूरच्या या ऑफिसात तुमची भांडणं सोडवत बसायला मला वेळ नाही.

रुतिका : सही करते की. आधी वाचून दाखवा, मॅडम. तुमीच टाइप केलाय ना, मग तुमच्याच तोंडून ऐकू दे.

राजेश्वरी : "शनिवारी घोडनाक या टोकाला वळसा घालताना समुद्राचे पाणी अचानक वाढले. शिबिरप्रमुख धर्मराज यांनी प्रसंगावधान राखून बावीस पाहुण्यांना सुखरूप ठेवले. मदतनीस रुतिका हिने परवानगीशिवाय स्वयंपाक सोडला, त्याबद्दल तिला समज देण्यात आली आहे." संपलं. खाली धर्मराजची सही, त्याच्याखाली तुझी.

रुतिका : भाताचं नाय लिहिलं. भात जळला.

राजेश्वरी : ते कशाला लिहायचं?

रुतिका : या कागदात तेवढंच खरं झालं असतं.

धर्मराज : मॅडम, मी काय म्हन्तो...

राजेश्वरी : तुम्ही थांबा, धर्मराज. रुतिका, नीट ऐक. ती बावीस माणसं वाशीच्या एकाच सोसायटीतली आहेत. उद्या त्यांनी पोलिसांत तक्रार केली तर हे शिबिर बंद पडेल. तू गेल्या वर्षी आलीस तेव्हा मी शब्द दिला होता, एक सीझन चांगलं काम केलंस तर पुढच्या सीझनला तुला लीडर करीन. तो शब्द मी अजून विसरलेले नाही. सही कर, तो शब्द राहील. नाही केलीस तर उद्यापासून घणसोलीला घरी बस.

रुतिका : म्हनजे खोटं लिहिलं तर दर्यावर, खरं बोललं तर घरी.

राजेश्वरी : यात खोटं काय आहे? पाणी वाढलं की नाही?

रुतिका : वाढलं. पन अचानक नाय वाढलं. पानी कदी अचानक येत नाय, मॅडम. पानी वेळेवर येतं. मानसं अचानक जातात.

राजेश्वरी : मला कोड्यात बोलू नकोस.

रुतिका : कोडं कसलं? सरांना विचारा, बाराचीच वेळ का ठरवली.

राजेश्वरी : सांगा, धर्मराज.

धर्मराज : आता त्यात सांगन्यासारकं काय न्हाई. ह्या टोकाची ट्रिप औंदाच चालू झाली. त्याच्या आदल्या शनवारी पयली बॅच घिऊन गेल्तो, तवा बाराला टोकाला हुतो. पानी घोट्याएवढं. पोरंबी आरामात गेली. म्हनलं, ह्या शनवारीबी बाराच धरू. धा वाजता निघायचं, खडकाखडकानं चालत बाराला टोकावर पोचायचं, पलीकडची वाळू बघून जेवायला कॅम्पवर यायचं.

राजेश्वरी : बरोबरच आहे की मग.

रुतिका : डोंगरावर बरोबर हाय. सरांच्या साताऱ्याला आज जिथं कडा हाय, तिथंच उद्या हाय. दर्या रोज पाऊन तास सरकतो. आठ दिवसांत उलटा होतो. ज्या वेळेला घोट्याएवढं पानी होतं, त्याच वेळेला डोक्यावरून पानी.

राजेश्वरी : हे तुला माहीत होतं?

रुतिका : मना काय, आमच्या घणसोलीच्या कोंबड्यांना पन माहीत हाय.

राजेश्वरी : मग सांगायचं होतंस आधी.

रुतिका : सर, मी सांगितलं का नाय?

धर्मराज : आता ते कशाला?

रुतिका : मना आज तुमच्या तोंडून ऐकायचंय.

धर्मराज : सांगितलं. सकाळी च्या घेताना सांगितलं. बोटं मोजत आली हुती माज्याम्होरं. म्हनली, आज पुनव हाय सर, सव्वाअकराला पुरं भरनार, जायचं तर सांजच्याला जा. मी... मी हासलो.

रुतिका : नुसतं हासला?

धर्मराज : पाव्हन्यांच्या म्होरं म्हनलो, आता पंचांग काढून ट्रिपा न्यायच्या का? तू भात बघ.

रुतिका : "तू भात बघ." बावीस मानसं हासली. त्यांची पोरं पन हासली.

राजेश्वरी : बोटं मोजत म्हणजे काय? कसला हिशोब?

रुतिका : बापसानं शिकवलाय. बापसाचं नाव जानू, अर्ध्या खाडीला ठाऊक हाय तो. मासळीचे वाटे करतात ना, तसे तिथीचे चार वाटे करायचे. एक वाटा दर्याचा, तो सोडून द्यायचा. उरले तीन, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी घ्या. आठाचे चार वाटे, दोन-दोनचे. एक सोडला, राहिले सहा. सहाला भरलं म्हनजे बाराला सुकलं. सर पयल्यांदा गेले ती अष्टमी होती. नशीब त्यांचं. मग पुनव. पंधराच्या चारातले तीन वाटे, सव्वाअकरा. त्यात पुनवेचं उधान, नेहमीपेक्षा जास्त चढनार.

राजेश्वरी : एवढं सोपं?

रुतिका : सोपं हाय म्हनूनच कुनी मानत नाय. इंग्लिशमधे छापून आनलं असतं तर मानलं असतं.

राजेश्वरी : टोमणे नकोत. पुढे काय झालं ते सांग. तू स्वयंपाक सोडून गेलीस कुठे?

रुतिका : भात चुलीवर होता. मी बघत होते त्यांच्या पाठी. रंगीत टोप्या घालून रांगेत चालले होते, गात. शेवटची टोपी वळनाआड गेली आनि मना भात दिसेना. मी दोर घेतला, कोयता घेतला, आनि वरच्या सड्यावरनं, कातळाच्या माळावरनं, गुरांच्या वाटेनं पळाले.

राजेश्वरी : एकटीच?

रुतिका : भाताला काय सोबत नेनार होते?

धर्मराज : म्होरलं मी सांगतो, मॅडम. तिथं ही नव्हती, मी हुतो. साडेधापतूर समदं झ्याक चाललं हुतं. आन मग एका सोसायटीवाल्यानं माज्या खांद्याला हात लावला. म्हनला, साहेब, आपन आलो ती वाट कुटं गेली? मी मागं बघतो तर पानी. म्होरं बघतो तर पानी. मी उबा जलम डोंगरात काढलाय. कडा म्हना, कपार म्हना, मला भ्या न्हाई. पर डोंगूर कदी माज्याकडं चालत आला न्हवता. ह्यो येत हुता.

राजेश्वरी : मग तुम्ही दोर बांधलात ना? तेच मी लिहिलंय. प्रसंगावधान.

धर्मराज : बांदला की. समद्यास्नी एका रुंद खडकावर घेतलं, कमरंला दोर बांदला, म्हनलं आता ह्याच्या वर काय पानी येत न्हाई. आन शिट्टी फुकत बसलो. लाटांत मला माजीच शिट्टी ऐकू यीना. तेवढ्यात डोस्क्यावरनं ही वराडली.

राजेश्वरी : काय म्हणाली?

धर्मराज : "सर, पायाखाली बघा."

रुतिका : त्या खडकाला मोहरीएवढे शंख चिकटले होते. जिथं शंख तिथवर पानी येनार म्हनजे येनार, ते जिवंत कशावर राहतात? त्याच्यावर दोन पुरुष उंचीला गवताचे झुपके होते. गवत खाऱ्या पान्यात उगवत नाय. मी ओरडले, शंखावरनं उठा, गवतात बसा.

धर्मराज : आन तिथवर चडवायचं काम माजं. हिनं वरनं दोर टाकला, मी खालनं एकेकाला दिला. तेवढं मला येतं. पोरं आदी, मग बाया, मग ते पोट सुटलेले दोगं. शेवटाला मी. अर्ध्या तासानं बगितलं मॅडम, मी ज्या खडकावर त्यास्नी बांदून ठेवलं हुतं, तो खडक न्हवताच. नुस्ता फेस. बावीस मानसं मी माज्या हातानं खुट्याला बांदली हुती.

राजेश्वरी : हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

धर्मराज : तुमी इचारलं न्हाई. आल्या आल्या म्हनला, समदे जित्ते हायेत ना, मग मी लिवते.

राजेश्वरी : मी कंपनी वाचवत होते, धर्मराज.

रुतिका : कंपनी वाचवा, मॅडम. पन तुमच्या माहितीपत्रकावर काय छापलंय ते एकदा वाचा. "माणसाचा पाय न लागलेला किनारा." मग तिथले लोक काय हातावर चालतात? ती गुरांची वाट कुनी पाडली? घोडनाक हे नाव कुनी ठेवलं, घोड्यानं? आमच्या खाडीत कंपन्यांचं पानी सोडलं, निवट्या मेल्या, चिंबोऱ्या मेल्या. बापसानं होडी उलटी करून ठेवली, तिच्यावर आता शेजारी पापड वाळत घालतात. तो म्हनाला, दर्या संपला, तू कॉम्प्युटर शीक. मी म्हनाले, इथला संपला, दर्या अजून हाय. म्हनून मी तुमच्याकडं आले. भांडी घासली. च्या वाटला. आनि तुमी मना त्याच दर्याची समज देता?

राजेश्वरी : ...पाणी प्यायला घे.

रुतिका : नको.

राजेश्वरी : मग पुढे? परत कशा आलात?

रुतिका : परत नाय आलो. तीच तर गंमत हाय.

धर्मराज : एकच्या सुमाराला मागली वाट मोकळी झाली. हिनं पाव्हन्यास्नी सांगितलं, घाबरला असाल तर आता मागं फिरा, कॅम्पवर जावा. टोकाला वळसा घालायचा असंल तर चारपतूर थांबा, चारला घोट्याएवढं पानी हुईल. मला वाटलं, आता ही मानसं मागं पळत सुटत्याल. तर त्या सुनयनाबाई, सोसायटीच्या सेक्रेटरी, साठीच्या असत्याल, त्या गवतातनं उटल्याच न्हाईत. म्हनल्या, मी वळसा घालायला आले हुते. वळसा घालूनच जानार.

रुतिका : मग कोन उठतो? तीन तास बसलो. पानी उतरायला लागलं तशी मी खाली जाऊन कालवं फोडली, कोयत्यानं. बँकेतला एक मानूस, जन्मात मासळी नाय खाल्ली, त्यानं सात कालवं खाल्ली कच्ची. बायकोला म्हनाला, घरी सांगू नको. लांबवर गाद्या मासे उड्या मारत गेले, डॉल्फिन म्हनतात तुमी, पंधरा-वीस असतील. पोरं मना विचारायला लागली, आता पानी कुठं हाय? मी म्हनाले, शंख मोजा, जेवढे ओले तेवढं खाली गेलं. सगळी पोरं पोटावर झोपून शंख मोजत होती.

धर्मराज : आन चारला, मॅडम, घड्याळ लावून सांगतो, चारला आमी टोकावर हुतो. पानी घोट्याला. समोर ऊन असं आडवं आलेलं, खडकं तांब्यासारकी. आन म्होरं ही चाललेली, खांद्यावर कोयता, मागं बावीस. मी शेवटाला हुतो. मी म्हनलं, धर्मराज, आज तुजी जागा तुला घावली.

राजेश्वरी : आणि आता मी या कागदाचं काय करू?

धर्मराज : द्या हिकडं. पेन द्या.

(धर्मराज सगळ्या मजकुरावर एक आडवी रेघ मारतो आणि कागदाच्या तळाशी सावकाश काहीतरी लिहितो.)

राजेश्वरी : काय लिहिलंत?

धर्मराज : वाचा की.

राजेश्वरी : "पाणी वेळेवर आलं. मी अवेळी गेलो. रुतिकानं आधी सांगितलं होतं." ...धर्मराज, हा कागद बाहेर गेला तर तुमचं नाव जाईल. दहा वर्षांचं नाव आहे.

धर्मराज : मानसं गेली असती तर काय नाव घिऊन बसलो असतो? करा सही, मॅडम. आता तुमची ऱ्हायली.

रुतिका : आनि ते पाकीट पन फोडा. मघापासून कोपराखाली दाबून बसलाय. वाशीचा पत्ता हाय त्याच्यावर, मी आल्या आल्या वाचला.

राजेश्वरी : ती तक्रार असणार. काल संध्याकाळी आली. माझी हिंमत झाली नाही.

धर्मराज : फोडा. शंखावर बसून काय उपेग न्हाई.

राजेश्वरी : ..."सप्रेम नमस्कार. आमच्या सोसायटीतील ज्यांनी या वेळी येण्याचे टाळले, ती एकतीस माणसे आता आमच्या डोक्यावर बसली आहेत. त्यांना घेऊन आम्ही पुन्हा येऊ इच्छितो. अट एकच. ज्या मुलीने भात जाळला, ती पुढे चालणार असेल तरच. तिला आम्ही हसलो होतो, हे तिला आमच्या वतीने सांगावे आणि माफी मागावी. आपली, सुनयना." खाली सह्या आहेत. बावीस. पोरांच्या पण.

धर्मराज : बँकवाल्याची हाय का?

राजेश्वरी : आहे. त्याने पुढे कंसात लिहिलंय, कालवे मिळतील का.

रुतिका : द्या ते पत्र माझ्याकडं.

राजेश्वरी : तुला कशाला ते?

रुतिका : बापसाला वाचून दाखवीन.

राजेश्वरी : घे. आणि हे माहितीपत्रक पण घे, ती ओळ काढून तुला काय लिहायचं ते लिही, नवीन छापू. शनिवारपासून किनाऱ्यावर लीडर तू. धर्मराज, तुम्ही दोर सांभाळायचे आणि हिचं ऐकायचं. चालेल?

धर्मराज : चालंल न्हवं, पळंल. पर एक इचारतो. येत्या शनवारी टोकावर किती वाजता?

रुतिका : वद्य अष्टमी. चार वाटे करा.

धर्मराज : आठाचे चार, दोन-दोनचे. एक दर्याचा. सहाला भरती. म्हंजी सुकती... बाराला. आगं, मग माजंच बारा बरूबर की.

रुतिका : या शनवारी बरोबर. त्याच्या पुढच्या शनवारी?

धर्मराज : थांब, बोटं मोजू दे. अवस. पंधरा. तीन वाटं... सव्वाअकरा. बारापतूर काठोकाठ.

रुतिका : मग बाराला काय करायचं, सर?

धर्मराज : भात बघायचा.