कोंढरे यांच्या टेबलावरील पिवळ्या बाटलीबाबत

जबाब, दि. ८ जानेवारी २०२५, वार बुधवार, दुपारी १ वाजता.

नाव: श्रीमती चंद्रभागा सुखदेव ओव्हाळ, वय ६३ वर्षे, व्यवसाय: सेवानिवृत्त प्रयोगशाळा परिचर (महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग), रा. नदीकाठची वस्ती, खडकी, पुणे.

मी आज पोलीस ठाण्यात माझ्या पायांनी येऊन, कोणाच्या दबावाखाली नसताना आणि अद्याप चहाही घेतलेला नसताना विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा, सून व नात स्पृहा, वय ९, यांच्यासह राहते. वस्तीत नळाला एक दिवसाआड तासभर पाणी येते. ते पिण्यात संपते. आंघोळ व धुणीभांडी विहिरीच्या पाण्यावर होतात.

विहिरीला लागून एक ओढा असून तो पुढे मुळा नदीस मिळतो. ओढ्याच्या वरच्या बाजूस श्री. दिग्विजय कोंढरे यांचा नळांना चकचकीत मुलामा देण्याचा, म्हणजे प्लेटिंगचा, कारखाना आहे. त्यांचे नळ फार सुंदर असतात. कारखान्यामागील पाइपातून ओढ्यात पिवळे पाणी येते.

स्पृहाच्या दोन्ही हातांना दिवाळीपासून खपल्या धरल्या आहेत. डॉक्टरांनी मलम दिले व विहिरीचे पाणी बंद करा असे सांगितले. मलम मेडिकलमध्ये मिळाले, दुसरे पाणी मिळाले नाही. शाळेत ती हात बाकाखाली ठेवते असे तिच्या बाईंनी कळवले. हे ऐकून मला रडू येते आणि रडून झाल्यावर राग येतो. दोन्ही लिहून घ्यावे.

पाणी तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या अधिकारी उत्कर्षा मॅडम दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी ११ वाजता पाइपापाशी येऊन नमुना घेतात. त्या दिवशी पाइपातून येणारे पाणी मीसुद्धा प्यायले असते. महिन्यातून एक दिवस उपास करणारा पाइप मी दुसरा पाहिलेला नाही. बुधवारी त्याचा उपास सुटतो.

काल मंगळवारी मी मॅडमना गाठून मागच्या आठवड्यात भरलेली पिवळी बाटली दाखवली. त्या म्हणाल्या, "आजी, रंग मलाही दिसतोय. पण अशी बाटली मला घेता येत नाही. मालकाला कळवून, त्याच्यासमोर पाणी भरायचं, बाटली सील करायची, सह्या घ्यायच्या, तेव्हा तो नमुना." मी विचारले, "म्हणजे चोराला आधी सांगून मग घरी जायचं?" त्या म्हणाल्या, "नियम तसा आहे." मुलगी चांगली आहे. तिच्याकडे एक गाडी आणि दीडशे कारखाने आहेत. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही.

मालकाची सही नाही एवढीच अडचण असल्याचा माझा समज झाला. म्हणून आज सकाळी ८ वाजून २० मिनिटांनी मी त्याच पाइपाखाली नवीन बाटली भरली व सहीसाठी थेट मालकांकडे गेले. बाटलीवर मी लाल शाईने चिठ्ठी चिकटवली होती. तीवर तारीख, वेळ, जागा आणि "विषारी. तोंडाने ओढू नये" असा मजकूर होता. प्रयोगशाळेत मुले काचेच्या नळीने द्रव तोंडाने ओढून मोजत, म्हणून एकतीस वर्षे मी अशाच चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठी नसलेली बाटली मला टेबलावर ठेवता येत नाही. हात धजत नाही.

कोंढरे साहेब फोनवर बोलत होते. मी बाटली टेबलावर त्यांच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली आणि बाकावर बसले. फोन संपल्यावर त्यांनी चिठ्ठी वाचली आणि खुर्चीसकट मागे सरकले. मी "सही हवी होती" असे म्हणेपर्यंत त्यांनी पोलिसांना फोन लावला होता.

पोलीस हवालदार नम्रता मॅडम पंधरा मिनिटांत आल्या. त्यांनी शेजारच्या टपरीवरून दोन पंच बोलावले, पंचनामा केला, बाटलीच्या बुचावर लाखेचे सील लावले आणि दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या. कोंढरे साहेबांनी स्वतःच्या अक्षरात तक्रार लिहून दिली: "सदर बाटलीतील पाणी अत्यंत विषारी असून त्यापासून माझ्या जिवास धोका आहे." खाली सही केली. सही मोठी व सुवाच्य आहे. तेवढा वेळ मी गप्प बसले. माझ्या स्वभावाला ते जड गेले.

त्यानंतर नम्रता मॅडमनी बाटली कोणाची असे विचारले. मी सांगितले की, बाटली माझी, सरबताची आहे. आतले पाणी साहेबांचे आहे. मग सर्वजण मागे जाऊन पाइप पाहून आले. पाणी पिवळेच येत होते.

कोंढरे साहेब म्हणाले, "अहो, ते नुसतं नळ धुतल्याचं पाणी आहे. काही होत नाही त्यानं." नम्रता मॅडम म्हणाल्या, "मग जिवाला धोका आहे असं का लिहिलंत?" ते म्हणाले, "चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं म्हणून." माझे अक्षर इतक्या विश्वासाने आजवर कोणीही वाचलेले नाही.

ठाण्यात आल्यावर कोंढरे साहेबांनी माझे वय पाहता आपली काही तक्रार नाही, आजींनी बाटली घेऊन घरी जावे, असे सांगितले. त्यांनी मला प्रथमच आजी म्हटले. तक्रार मागे गेल्यास बाटली न तपासता मला परत मिळेल, असे मला समजावण्यात आले. समझोत्याच्या कागदावर सही करण्यास मी नकार दिला आहे.

माझी विनंती एवढीच की, बाटली सील न तोडता प्रयोगशाळेत पाठवावी. पाण्यात काय आहे ते स्पृहाच्या डॉक्टरांना सरकारी कागदावर कळू द्यावे. त्याकरिता माझ्यावर गुन्हा दाखल असणे जरूर असेल तर तो करावा. मी अद्याप आरोपी नाही असे नम्रता मॅडम तीन वेळा म्हणाल्या. तसे असल्यास मला आरोपी करावे.

हा जबाब मी सांगितला तसाच संगणकावर लिहिला असून मला मोठ्याने वाचून दाखवला, त्या वेळी कोंढरे साहेबही बाहेरच्या बाकावरून ऐकत होते. तो खरा व बरोबर आहे. "मला आरोपी करावे" हे शेवटचे वाक्य काढायचे का, असे मला विचारण्यात आले. मी नाही म्हटले व त्याच्याखाली सही केली.