चतुराच्या पंखाचं छत

(कोहिनूर गाव. भाच्याच्या, नरसिंगच्या, मदतीला गुलबर्ग्याला गेलेला पिराजी गवंडी आत्ताच बसमधून उतरून त्याच्या आईच्या, म्हणजे आपल्या धाकट्या बहिणीच्या, सोजराबाईच्या अंगणात टेकलाय.)

पिराजी : सांगितलं तर कुणी इस्वास ठेवणार न्हाई, सोजरे. छत चालत गेलं.

सोजराबाई : नरसिंग पास झाला का?

पिराजी : त्याच्यावरच यायलोय. घर बांधायचं शिकिवणारं कॉलेज त्याचं, पन वर्गात वीट न्हाई का ओळंबा न्हाई. नुसती मेजं. त्याला स्टुडिओ म्हणतेत. मास्तरनी सांगितलं, झाडापानात बगा, किड्यामुंगीत बगा, अन् असं पातळ छत करा की उजेड आत यावा अन् माणूस दिसू नये.

सोजराबाई : न्हाणीला मी जुनं लुगडं बांधलंय. तसंच की.

पिराजी : तुज्या लुगड्याला कोण मार्क देतंय? आपल्या पोरानं चतुराचा, तळ्यावर उडणाऱ्या त्या किड्याचा, पंख धरला. म्या बांबूच्या कामट्या तासून दिल्या, त्याच्या शिरा केल्या. खाटंएवढा पंख. वर पतंगाचा कागद, खळीनं चिकटवलेला, वरून करडीच्या तेलाचा हात. पलीकडं म्हैस हुबी केली तर ढग हाय का म्हैस, कळंना.

सोजराबाई : कॉलेजात म्हैस?

पिराजी : मास्तरची होती.

सोजराबाई : अण्णा, पास झाला का ते इचारलं मी.

पिराजी : ऐक की. तपासणीला बेंगळूरचे साहेब यायचे होते. पोरगं पंखाजवळून हलंना. म्या म्हणलं, जा, खानावळीत चार घास खाऊन ये. तो गेला अन् पंख हलाय लागला.

सोजराबाई : वाऱ्यानं.

पिराजी : वारं कुठलं? मुंग्या. खाली शिरल्या अन् अख्खा पंख खांद्यावर घेऊन निघाल्या. मेजावरून खाली, दारातनं भाईर. साहेब जिना चढायलेते, त्यांनी बाजूला सरून वाट दिली.

सोजराबाई : अन् काय म्हणले?

पिराजी : कन्नडात बोलले. सूर चांगला होता.

सोजराबाई : मला कळतंय कन्नड. सांग काय बोलले.

पिराजी : लांबून बोलले.

सोजराबाई : कागदाला मुंग्या कामून लागतील?

पिराजी : खळ गोड आसंल.

सोजराबाई : ज्वारीच्या पिठाची खळ, अन् गोड?

पिराजी : कुणी गूळ घातला आसंल. भिंतीच्या चुन्यात घालतेतच की. पक्कं धरतंय.

सोजराबाई : कुणी घातला?

पिराजी : लई पोरं हायती तिथं. कुणाकुणाचं नाव घेऊ?

सोजराबाई : त्या पोरांनी चुना कधी मळलाय, अण्णा? गूळ तू घातलास. मुंग्यांनी पंख न्हेला न्हाई, खाल्ला, अन् पोरगं नापास झालं. आता तुज्यासंगं घरी यायला लाजून कुठल्या फाट्यावर उतरून बसलाय तेवढं सांग. भाकरी घेऊन जाते.