काउंटच्या बोटातली अंगठी

"हॅलो?… कोण, सिक्स्टीन?… हो, मीच. बोल."

एर्मीनबाईंनी तव्याखालचा गॅस बंद केला. नवऱ्याला, काउंट एमेरिक द ब्रेवालना, जाऊन दोनच दिवस झाले होते. शनिवारी दफन होतं. आणि धाकट्या विधवा जावेचा, सिक्स्टीनचा, सकाळपासून फोनवर फोन.

"नाही गं, झोपले नव्हते… हो, फादर येऊन गेले… निधनवार्ता? ती कालच पेपरला दिली… पाठ आहे, म्हणून दाखवते. 'काउंट एमेरिक द ब्रेवाल. पत्नी एर्मीन, मुलगा बाझील, सून, नातवंडं…' काय राहिलं?… 'दत्तक'? नाही घातलं. का घालू?… अगं ऐक ना, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. बाझील चार वर्षांचा होता, अनाथालयातून आणला तेव्हा गाडीत एमेरिकच्या मांडीवरच ओकला. तसाच भरल्या पँटीने त्याला कडेवर घेऊन चौकातून आला हा. सगळ्यांनी पाहिलंय. पेपरात कशाला हवं?"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. बाई खुर्ची ओढून बसल्या.

"हो… हो… माहीत आहे, तुझा मुलगा गोतिए काउंट झाला. उपाधी रक्ताच्या पुरुषाकडे जाते, दत्तकाला मिळत नाही. मी कुठे नाही म्हणतेय? एमेरिकचा श्वास थांबला आणि पुतण्या काउंट झाला. घेऊन जा. न्यायला टेम्पो लागत नाही… टोमणा नाही, खरं तेच सांगतेय."

"… काय म्हणालीस? ब्रेवालांचं रक्त? मग थांब. रक्ताचं तू काढलंस. पहिला काउंट कोण होता? राजाच्या फौजेतल्या घोड्यांसाठी ओटचं धान्य विकणारा… विकणाराच. त्याच्या नातवाला मुलगा झाला नाही, मुलगी झाली. तिचा नवरा रेन शहरातल्या एका वकिलाचा पोरगा. त्याने सासऱ्याचं नाव लावलं, राजाचे पाय धरले आणि राजाने नव्याने लिहून दिलं की उपाधी आता याची. तुझा गोतिए त्या वकिलाच्या पोराचा वंशज… हो, एमेरिकसुद्धा. त्याला तर हे सांगताना हसू आवरायचं नाही… तेव्हा लिहून द्यायला राजा होता, आता नाही, एवढाच फरक. असता ना, तर बाझीलसाठी एमेरिक त्याच्या दारात ठाण मांडून बसला असता."

"… बरं, मी एक विचारू? काल गोतिए अंत्यसंस्कारवाल्यांकडे कशाला गेला होता?… उगाच नाही. तिथल्या मुलीचा मला फोन आला. म्हणाली, काउंटसाहेब आलेत, अंगठी काढून मागतायत. मी म्हटलं, बाई, काउंटसाहेब तर तुमच्याकडे शवपेटीत झोपलेत… हो, घराण्याची अंगठी काउंटच्याच बोटात असते. म्हणून काउंटच्याच बोटात राहील. तिच्यासकट पुरणार आहे मी त्याला… कर, वकिलाला फोन कर. घराण्यात वकील पूर्वीपासून आहेतच."

गोठ्याकडचं दार वाजलं. बाझील आत आला. चिखलाचे बूट हातात, केसांत गवत. आईचा चेहरा पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

"हं… म्हणजे मुद्दा हा आहे तर. अंत्ययात्रेत पेटीमागे पहिला गोतिए चालणार. बरं. आणि बाझील?… कुणाबरोबर?… परत म्हण, नीट ऐकू आलं नाही… 'गड्यामाणसांबरोबर.'"

बाझीलला फोनमधला आवाज ऐकू आला नव्हता, पण आईच्या तोंडून ते शब्द आले ते पुरले. चालेन मी मागे, तो हळूच म्हणाला, बाबांच्या मयताला भांडण नको. एर्मीनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"सिक्स्टीन, तो इथेच उभा आहे. म्हणतोय, मी मागे चालेन. हे त्याला एमेरिकने शिकवलं. आजारपणात एमेरिकला उचलून न्हाणीघरात कोण नेत होतं? दाढी कोण करत होतं? तेव्हा तुझ्या काउंटला इकडचा रस्ता सापडला नाही… नाही, आवाज चढवत नाहीये मी. आता नीट ऐकून घे. गोतिएने पुढे चालावं. आमच्याही पुढे, हवं तर फादरच्याही पुढे, मला काय. पण मी नवऱ्याच्या पेटीमागे चालणार. माझे गुडघे गेलेत, मला हात धरायला माणूस लागतं. तो हात माझ्या मुलाचा असेल. तेव्हा तो कुठे चालेल हे ठरलेलं आहे… मग येऊ नका… हो, येऊ नका म्हणाले. चर्च रिकामं नाही राहणार… हॅलो?… हॅलो?"

पलीकडे कोणी नव्हतं. एर्मीनबाईंनी फोन जागेवर ठेवला.

"बूट बाहेर ठेव," त्या बाझीलला म्हणाल्या. "आणि बाबांचा काळा कोट घालून ये. खांद्यात घट्ट होत असेल तर आत्ताच उसवून देते."