आमच्या माळवदाचं पाणी कुणी वळवलं

आमचं गाव शिरड शहापूरच्या अलीकडं, सडकेपासून जरा आत. तिथंच जन्मलो, तिथंच म्हातारा झालो. बापूला, म्हणजे आमच्या वडलांना, जमीन थोडी, तिच्यात ज्वारी आन् कापूस, आन् आमी दोघं भाऊ, थोरला मी आन् धाकटा किसन. शाळा मला चौथीच्या पुढं झेपली न्हाई. सिद्धेश्वरच्या धरणाचे कालवे चालू होते तवा तिथं दगड उचलायला गेलो, तिथल्या मिस्त्र्यानं एक दिवस हातात थापी दिली, आन् मंग ती थापी जलमभर सुटली न्हाई. काय सांगू तुम्हाला, कालव्यावर एकच गोष्ट शिकलो पण पक्की शिकलो, पाण्याला कितीबी समजावून सांगा ते ऐकत न्हाई, त्याला उतार द्यावा लागतो. उतार मी डोळ्यानं ओळखायचो. आजबी ओळखतो. ह्या तुमच्या ओट्यावर तांब्याभर पाणी सांडलं तर ते त्या खांबाकडं जाईल, पाहिजे तर सांडून बघा.

तुमी एसीचं इचारलं आन् मी कालव्यावर गेलो. येतो, एसीवरच येतो. गावात काय बोलून राहिले ते तुमच्या कानावर आलंच असंल, की गोदानं, किसनच्या बायकोनं, गार हवा खायसाठी मेलेल्या सासऱ्याचं पाणी मोडलं. पारावर बोलतात, गिरणीवर बोलतात. ती बाई कुणाला उलट बोलत न्हाई म्हणून जास्तच बोलतात. हे खोटं हाय, आन् खरं काय ते मला एकट्यालाच माहीत होतं, म्हणून तुम्हाला म्हणलं, या, बसा, लिहून घ्या.

घर आमचं बापूच्या हातचं, माळवदाचं. आता स्लॅबच्या पोरांना माळवद सांगावं लागतं. खाली लाकडं, त्याच्यावर काटक्या आन् पाला, आन् वरून पांढऱ्या मातीचा थर, तीबी दरसाली उन्हाळ्यात नवी टाकायची आन् गवत उगू न्हाई म्हणून मीठ फेकायचं. वरच्या पाण्याला बाहेर काढायला भिंतीच्या कडेला एक पन्हळ ठेवायचं. पन्हळ कुणाच्या बाजूला हाय ह्याच्यावर आमच्याकडं भावाभावांची डोकी फुटल्यात, कारण पन्हळाचं पाणी जिथं पडतं तिथली भिंत जाती. बापूनं पन्हळ समोर ठेवलं होतं, माझ्या दाराच्या बाजूला, रस्त्यावर पाणी जायचं. वाटणीत तो भाग माझ्याकडं आला. किसनला शेजारची खोली आन् अंगण. माझी भिंत आन् त्याची खोली जिथं मिळती तिथं त्याच्या अंगणाचा कोपरा.

वाटणी झाली तवा किसन गावात नव्हता. त्याच्या आधीच गेलता. झालं असं की बैलं मोकळी सोडून हा हट्टा गावच्या बाजारात फिरत बसला, बैलांनी दुसऱ्याचं उभं रान खाल्लं, आन् बापूनं भर बाजारात चार लोकांसमोर त्याच्या मुस्काटात मारली. पोरगं मिसरूड फुटलेलं. त्या पायानंच गेलं ते हैदराबादला. तिकडंच काम, तिकडंच लगीन. बापूनं काही दिवस वाट बघितली आन् मंग बघायची सोडली, का बघतच होता पण दाखवत नव्हता, ते मला सांगता यायचं न्हाई. बापू गेला तवा निरोप धाडला, तो पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. किसन काही आला न्हाई तवा.

बापू गेल्यावर म्या समोर पक्क्या इटांची पडवी बांधली. मिस्त्री माणूस, स्वतःच्या दारात चांगलं काम दिसावं वाटतं. आन् पहिल्याच पावसाळ्यात बापूचं पन्हळ त्या पडवीवर धो धो. मंग काय, वर चढलो, समोरचं भोक इटा लावून बुजवलं, माती वढून उतार उलटा केला, आन् किसनच्या अंगणाच्या कोपऱ्यावर नवं पन्हळ काढून दिलं. अंगण रिकामं होतं, बोलणारं कुणी नव्हतं. पाणी गुमान तिकडं गेलं. काम माझं बराबर होतं, ते मी आजबी म्हणंल. हक्क बराबर नव्हता.

दोन-तीन वर्षांनी किसन आला. संगं गोदा, कडेवर लेकरू, बालाजी. अंगणात उभा राहून वर बघितलं आन् म्हणला, दादा, हे पन्हळ इकडं काहून हाय, हे तर समोर होतं. मी पडवीत दाढी करून राहिलो होतो. आन् तोंडातून निघून गेलं, की बापूनंच वळवलं बाबा, मरायच्या आधी. म्हणला किसन कवा तरी येईल, त्याच्या अंगणात पाणी पडू दे, त्याला कमी न्हाई पडलं पाहिजे. वस्तरा गालावरच होता माझ्या. मागं वळून बघितलं तर हा अंगणात खाली बसलेला आन् रडतो.

तवा सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं.

त्या पन्हळाखाली त्यानं हौद बांधला, म्याच बांधून दिला, माझ्याच हातानं. त्या पाण्यावर म्हैस धुवायची, धुणं व्हायचं. आमच्याकडं पाण्याचे वांधे तुम्हाला माहीत हायेत, तवा पावणेरावळे आले की हा हौदापाशी नेऊन सांगायचा, हे बापूचं पाणी. बापूनं मला मारलं ते चार लोकांनी बघितलं, पण हे देऊन गेला ते बघा. मी तिथं असलो तर मान हलवायचो. सगळ्या गावात त्याला बापूचं पाणीच म्हणतात.

आन् गोदा काय म्हणायची, तर काही न्हाई. ती माझ्याशी कवा तोंडानं बोललीच न्हाई. थोरल्या दिराशी बोलायची आमच्याकडं रीत न्हाई, डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी बोलायची. दरसाली पावसाळा सरला की हौदात उतरून पांढऱ्या मातीचा गाळ टोपल्यानं उपसायची आन् मी ओट्यावर दिसलो की बालाजीला म्हणायची, सांग रं तुझ्या मोठ्या बाबाला, तुझ्या आज्ज्यानं पाणी देलं ते देलं, संगं आर्धं माळवदबी धाडलं.

तर एसी. दोन उन्हाळ्यांमागं गोदाला ऊन लागलं, कापूस उपटताना रानातच पडली. दवाखान्यात ठेवली, वाचली, पण तवापासून गरमी तिला सोसतच न्हाई. जीव घाबरा व्हायचा, चक्कर यायची. डॉक्टर म्हणले हिला गार ठेवा, पुन्हा असं झालं तर आमच्या हातात न्हाई. बालाजी आता ट्रॅक्टर चालवतो भाड्यानं, त्यानं एसी आणला. वसमतवरून मेकॅनिक आला, सलीम, चांगला हसरा पोरगा. बाहेरचा डबा बसवायचा कुठं, तर एका बाजूला दुसऱ्याची भिंत, समोरून ट्रॅक्टर जातो, राहिला तो अंगणातला कोपरा, हौदाच्या वर. चैत्राचा महिना, आभाळ कोरडं, वर कुणी बघितलंच न्हाई. मीबी न्हाई बघितलं. जलमभर पाण्याचं काम करणारा माणूस मी.

मृग लागला आन् पन्हळ त्या डब्याच्या डोक्यावर. थंड हवा येणं बंद. सलीम आला, डबा खोलला, आतल्या जाळीत पांढरा चिखल असा बसलेला जसं कुणी लिंपून काढलं. म्हणला, चाचा, पानी इसको नहीं मारता, बारिश में खडा रहने के लिएच बनाया इसको, मिट्टी मारती इसको. धुवून देल्लं, पुढच्या पावसात पुन्हा तेच, आन् ह्या वेळी आतलं इजेचं कार्डबी जळलं. इकडं पाऊस उघडला की उकाडा असा की दगडाला घाम यावा. गोदा उंबऱ्यात ओला फडका डोक्यावर टाकून बसायची. मी बघायचो.

म्हणलं थांबा, मी करतो. डब्यावर पत्र्याचं छपर केलं, हवेला जागा सोडून, चांगलं उतार देऊन. पाणी पत्र्यावर आदळलं आन् हौदाच्या काठावरून उडून खालून जाळीत गेलं. मंग पन्हळाला पाइप लावला, थेट हौदात सोडला. दोन पाऊस चांगला चालला, मला वाटलं सुटलो. तिसऱ्याला मातीनं आन् काटक्यानं पाइप चोंदला, माळवदावर तळं झालं आन् सगळ्या कडेवरून पाणी डब्यावर. सलीम हसला. चाचा, तुम नीचे नीचे क्या कर रहे, इलाज तो ऊपर है. पानीच घुमा दो उधर, आपके दरवाजे की तरफ.

मला म्हणजे कुणी तरी कॉलर धरल्यावानी झालं. पण किसनच मधी बोलला. म्हणला, ते पाणी न्हाई हलायचं. बापूनं ठेवलेलं हाय. बालाजी चिडला, म्हणला आबा, आज्जा मेला, आई जित्ती हाय. किसन म्हणला, तुझ्या आईला मी शेतातल्या निंबाखाली खाट टाकून देतो, सगळं जग एसीवर जगतंय का. काढ तो डबा आन् इकून टाक. आन् गोदा आतून म्हणली, बालाजी, तुझ्या बापाला म्हणावं निंबाखाली पहिलं सरण रचून ठेव, खाट मंग टाक.



दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन मी शिडी चढलो. ह्या वयात. पोरगा माझा पुण्याला, अडवायला कुणी न्हाई. वर जाऊन कोपऱ्यावरच्या पन्हळापाशी पयला घाव घातला तर मागून किसन चढून आला धापा टाकत, माझा हात धरला. दादा, शपथ हाय तुला बापूची. म्हणलं, बापूचीच शपथ घेऊन सांगतो, सोड हात. हे बापूनं न्हाई वळवलं. म्या वळवलं. माझी पडवी भिजत होती म्हणून.

त्यानं हात सोडला. मंग म्हणला, बाईसाठी खोटं बोलू नको. आता ह्याला काय करावं, खोटं बोललो तवा पटलं आन् खरं बोललो तर पटंना. मी पुढच्या कडेला गेलो आन् खणलं. मातीखाली बापूचं जुनं भोक निघालं, दगडी, गुळगुळीत झालेलं, आन् त्याच्यात गच्च बसवलेल्या माझ्या इटा. त्याच पडवीच्या इटा, तोच रंग. किसन वाकला, एक इट काढली, हातात घेऊन पडवीकडं बघितलं, पुन्हा इटेकडं. बापूच्या काळात आमच्या गावात पक्की इट नव्हतीच. त्याला मोजून सांगायची गरज पडली न्हाई.

बसला तिथंच मातीत. म्हणला, मंग बापू माझ्याबद्दल काय म्हणला होता, मरताना. आन् काय सांगू तुम्हाला, माझ्या जिभेवर तयार होतं, गोड, चांगलं, की तुझं नाव घेतच गेला रं. त्याला ते पटलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. म्हणलं, काहीच न्हाई म्हणला किसन. तुझं नाव निघालं न्हाई.

त्यानं मान हलवली. इट बाजूला ठेवली. आन् मंग माझ्या हातातून कुदळ घेतली, म्हणला, तुला वढत न्हाई आता, सरक. उरलेल्या इटा त्यानं काढल्या. माती आमी दोघांनी वढली, बोललो फक्त उताराचं. इकडं जरा टाक, तिकडं दाब. खाली गोदा अंगणात उभी, सगळं ऐकलेलं. मी शिडीवरून उतरलो तर पदर तसाच डोक्यावर, पण सरळ माझ्याकडं बघून म्हणली, भाऊजी, इतकी वर्षं हौदातला गाळ उपसला तो मंग बापूचा नव्हता, तुमचा होता. म्हणलं, व्हय. म्हणली, ह्या साली तुमी उपसा. उपसला मी. दोन टोपले आन् कंबर गेली, राहिलेला बालाजीनं काढला.

आता पाणी माझ्या पडवीवर पडतं, जिथं पडायला पाहिजे तिथं. पडवीचा एक कोपरा ह्या पावसाळ्यात सुटला, सुटू दे. खाली फरशीची नाली काढली, रस्त्याला जोडली, काम एक नंबर झालंय, येऊन बघा कवाबी. किसन पहिल्यावानी येऊन बसत न्हाई. पोळ्याला बैलं घेऊन दारावरून गेला तवा थांबला, नाली बघितली, पायानं दाबून बघितली, आन् गेला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानं हौद बुजवला न्हाई, कोरडाच ठेवलाय. तो त्याचा इचार, त्याला मी काय म्हणणार.

पण गोदाला जे बोलून राहिले त्यांना हे वाचून दाखवा. नाव माझं घाला, झाकू नका. सासऱ्याचं पाणी तिनं मोडलं न्हाई, सासऱ्यानं ते कवा दिलंच नव्हतं. ज्याला काय बोलायचं ते माझ्या दारात येऊन बोलावं, मी दिवसभर पडवीतच असतो. दुपारी तिकडं खोलीचं दार बंद असतं, बाहेर तो डबा घुमून राहतो, आन् आत ती बाई झोपलेली असती. झोपू द्या तिला.