पुस्तकातली ऊ

न्हाय भाऊ, ढेकूण न्हायत हे — ढेकूण असते तर गोष्ट वेगळी. हे बघा, भिंतीला, पिठाच्या कणाएवढे, चालतात म्हणून दिसतात. इमारत नवीन, प्लास्टर ओलं असतानाच आम्ही राहायला आलो, त्या ओलीवरची बुरशी खातात. माझी ऋतिका कॉलेजात किड्यांचंच शिकते ना, तिनेच सांगितलं — पुस्तकातली ऊ म्हणतात याला. नावाला ऊ, चावत न्हाय कुणाला.

रविवारी वज्रेश्वरीची माणसं आलेली तिला बघायला. मुलाच्या आईने सहज तिचं पुस्तक उचललं, तर पानावर हे चालतंय. म्हणाली, 'उवा की काय?' — सांगायचं ना मी, भिंतीला ओल हाय म्हणून? मी म्हटलं, 'आमच्या कामवालीच्या डोक्यातल्या असतील.' रीमा तिथेच, हातात चहाचा ट्रे — ऋतिका शाळेत जायची तेव्हापासून आमच्याकडे हाय ती. त्या बाईने तिला खिडकीपाशी बसवलं, वेणी सोडायला लावली, बोटांनी केस उलटेपालटे करून बघितले. सगळ्यांसमोर. आणि मी — मी बिस्किटं पुढे केली.

काय सापडलं न्हाय. मग ऋतिका आतून आली, सगळं ऐकलं होतं तिने. म्हणाली, 'रीमामावशीच्या नाहीत, आमच्या भिंतीतल्या आहेत.' मुलाच्या वडिलांनी विचारलं, 'म्हणजे उवांपैकी न्हायत ना?' मला वाटलं, आता तरी पोरगी न्हाय म्हणेल. तर म्हणते, 'आधी यांचा गण वेगळा धरायचे, आता दोन्ही एकाच गणात धरतात. डोक्यातल्या उवा यांच्याच कुळातून निघाल्या.' झालं — चहा अर्धा टाकून उठली माणसं.

स्थळ गेलं त्याचं न्हाय हो वाटत — वाटतं थोडं, खोटं कशाला बोलू. पण रीमा दुसऱ्या दिवसापासून आलीच न्हाय. फोन उचलत न्हाय. ऋतिका टेमघरला तिच्या घरी जाऊन आली, जेवून आली. मी विचारलं, मला काय निरोप? म्हणाली, 'काही नाही.' म्हणून तुम्हाला बोलावलं. औषध मारलं की रीमाला कळवते, घर साफ झालं, आता ये —

काय बघताय असं?

हां. तिला कशाला सांगायचं ते. घाण तिची थोडीच होती.

न्हाय, राहू द्या, औषध नका मारू. जा तुम्ही. दार नका ओढू — मलाच टेमघरची रिक्षा पकडायचीय.